मी झोपलो होतो तो सिनेमा

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. मणी कौलांचा 'उसकी रोटी' पहिल्यांदा बघितला तेव्हा मी झोपलो होतो. डुलकी वगैरे नाही, चांगली झोप, शेजारच्यानं कोपर मारून उठवलं इतपत. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात, फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स करायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दुपारचं जेवण झाल्यावरचा शो, बाहेर रणरणतं ऊन आणि आत एसी, म्हणजे माझीच सगळी चूक होती असंही नाही. पण त्यानंतर दोनच महिन्यांत मी त्याच सिनेमावर एका छोट्या मासिकात अठराशे शब्दांचा लेख लिहिला. लेखात काळाचं शिल्प होतं, फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँचा संस्कार होता, 'कथनाला दिलेला ठाम नकार' होता. कंटाळा हा शब्द नव्हता. झोप तर नव्हतीच.

लेखाचं कौतुक झालं, हे जास्त वाईट.

तेव्हापासून वीसेक वर्षं सिनेमावर लिहितोय, कुठं दिवाळी अंकात, कुठं पुरवणीत, आणि लोक अजून तेच विचारतात, एक यादी दे ना रे, कल्ट कुठले, क्लासिक कुठले, ते हटके कुठले. मी देतो पण यादी, नाही कशाला म्हणू. पण देताना दर वेळी आमच्या घरची मांडणी आठवते. आमच्याकडं बोर्नव्हिटाच्या बरणीत जिरं असायचं आणि डालड्याच्या डब्यात तुळस, आणि खऱ्या बोर्नव्हिटाचा तर घरात पत्ताच नव्हता, ती बरणी कुणीतरी मुंबईहून येताना रिकामीच आणली होती. आईला चिठ्ठी वाचायची गरज नव्हती, तिच्या हाताला माहीत होतं कशात काय आहे. पाहुणा मात्र फसायचा. सिनेमाच्या बाबतीत मी बरीच वर्षं पाहुण्यासारखाच वागलो असं आता वाटतं.

'अशी ही बनवाबनवी' घ्या. १९८८चा सिनेमा, आणि आज मराठी माणसाच्या व्हॉट्सॲपवर रोज उठून हजेरी लावणारा. धनंजय माने इथेच राहतात का, हे वाक्य ज्याला माहीत नाही त्याला मी तरी अजून भेटलो नाही. आमच्या घरात लग्नाच्या हॉलवर, बारशाला, एकदा तर बाराव्याच्या जेवणाला (हो, खरंच, हळू आवाजात) त्या सत्तर रुपयांचा विनोद झालाय. म्हणजे कल्ट म्हणतात तो हाच, अमेरिकेत 'रॉकी हॉरर पिक्चर शो'ला लोक पात्रांसारखे कपडे घालून मध्यरात्री थिएटरात जाऊन पडद्याला उलट उत्तरं देतात म्हणे, आपण तेच बसल्या जागी सोफ्यावर करतो, कपड्यांचा खर्च नाही.

पण संवाद इतके पाठ झाले की सिनेमा दिसेनासा झाला. मागच्या वर्षी मी ठरवून, एकटा, मोबाईल लांब ठेवून बघितला. आणि पहिला अर्धा तास मला हसूच आलं नाही राव. कारण तो अर्धा तास आहे खोली न मिळण्याचा. पुण्यात चार मुलं, खिशात पैसे नाहीत, घरमालक सामानासकट बाहेर काढतो, आणि पुढची मालकीण म्हणते नवरा-बायको असाल तरच जागा मिळेल. मी स्वतः पुण्यात पाच जणांत एका खोलीत राहिलोय, पाचवा आहे हे मालकांना माहीत नव्हतं, त्यामुळं मालकांची चाहूल लागली की पाचवा संडासात. तेव्हा हा सगळा प्रकार मला विनोदी वाटत नव्हता आणि तरी आम्ही त्याच खोलीत भाड्याच्या व्हीसीडीवर हाच सिनेमा लावून लोळून हसायचो. मूळ गोष्ट ऋषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची, १९६६ची, पण मराठीत तिला जो दात आलाय तो वसंत सबनीसांच्या लेखणीचा. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारा माणूस, वगातलं टायमिंग त्याच्या हातात मुरलेलं, एक वाक्य संपायच्या आत दुसरं पात्र त्यावर पाय देऊन उभं. अशोक सराफ आणि सुधीर जोशी समोरासमोर आले की बघा, दोघंही हसवायला बघत नाहीत, एक जण भाड्याचा विचार करतोय आणि दुसरा भाडं चुकवायचा.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. त्यातली अश्विनी भावेची माधुरी ही अशोक सराफची बॉस आहे. १९८८ सालच्या मराठी धमाल सिनेमात बिनलग्नाची बाई धंदा चालवते आणि हिरो तिच्या हाताखाली पगारावर, आणि त्याबद्दल सिनेमाला काही विशेष वाटत नाही. आपल्याला तिची आठवण काय, तर साडीचा रंग. बाकी मला विचाराल तर गाणी आली की मी चहा टाकायला उठतो आणि सुप्रिया, निवेदिता यांना करायला फार काही नाही, हेही आहेच. पण असलं काही बोललं की ग्रुपमधनं काढतात.

'गुंडा'बद्दल फार लिहीत नाही. १९९८, कांती शाह, मिथुन, यमकात बोलणारे खलनायक. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांनी त्याला डोक्यावर घेतलं, मीही घेतला होता, आता एकट्यानं बघवत नाही. त्या सिनेमात मजा सिनेमाची नव्हतीच, रात्री दोन वाजता पंधरा पोरं एका कॉम्प्युटरसमोर होती त्याची होती. पंधरा पोरं आता कुठून आणायची.

'जाने भी दो यारों'चं मात्र मला खरंच वाईट वाटतं. कुंदन शाहांनी १९८३ मध्ये, एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या, सात लाखांच्या आतबाहेर पैशात केलेला सिनेमा, आणि आज त्यातनं उरलंय काय तर महाभारताच्या नाटकाचा सीन, तोही कापून, युट्यूबवर. तो सीन भारीच आहे, प्रश्नच नाही, सतीश शाहांनी मेलेल्या माणसाचं जे काम केलंय तसं जिवंत माणसाचं काम बऱ्याच हिरोंना जमलेलं नाही. पण सिनेमा तिथं संपत नाही ना. तो संपतो ती दोन फोटोग्राफर पोरं कैद्याच्या कपड्यात मुंबईच्या रस्त्यावर चालत येतात आणि आपल्याकडं बघून गळ्यावरनं हात फिरवतात तिथं. पूल पडलाय, माणसं मेलीत, बिल्डर, कमिशनर, संपादक सगळे मिळून सुटलेत आणि आत कोण, तर ही दोघं. 'ऑल टाइम कॉमेडी' म्हणून मी एका भाच्याला हा दाखवला, तो शेवटाला म्हणाला, मामा, हे काय दाखवलंस. माझ्या लेखांना मिळालेल्या कुठल्याही पत्रापेक्षा ही प्रतिक्रिया चांगली होती.

आता हटके. हटके म्हणजे काय तर ज्याच्याबद्दल 'समजलं नाही' म्हणायची लाज वाटते तो. या जातीतला राजा म्हणजे कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर'. केला १९८८ मध्ये, थिएटरात रीतसर लागला २०१४च्या जानेवारीत. मधली सव्वीस वर्षं तो कॅसेटींवर, सीडींवर आणि नंतर पेनड्राइव्हवर फिरत होता, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या पोरांकडनं दुसऱ्यांकडं, दुसऱ्यांकडनं तिसऱ्याकडं, आणि ज्याच्याकडं कॉपी असायची त्याची चाल बदलायची. माझ्याकडं आली ती कॉपी इतकी धूसर होती की बेडूक आहे का दगड हे कळत नव्हतं, आणि मी त्या धूसरपणाचापण अर्थ लावला होता, काय सांगू.

अजमेर-पुष्करकडचं एक गाव, ओम नावाचा मुलगा, त्याचे नोकरी सोडून ज्योतिष बघणारे बाबूजी, हिरे, बेडूक, श्वास रोखून धरायची करामत. गोष्ट सांगायला गेलं की हातातनं निसटते. एका गाण्यात 'राना टिग्रिना' येतं, बेडकाचं शास्त्रीय नाव. आता हे नाव ज्यानं अकरावी-बारावीला सायन्स घेऊन ट्रेमध्ये टाचण्यांनी बेडूक पसरवलाय त्याच्या नाकात थेट फॉर्मालिनचा वास घेऊन येतं, आणि मला पहिल्यांदा त्या सिनेमात काहीतरी 'समजलं' ते तिथं, समजलं म्हणजे काय, हसू फुटलं. शाळेत घोकलेलं, रेडिओवर ऐकलेलं, जाहिरातीत वाचलेलं, आईबापांकडनं ऐकलेलं पुराण, सगळं एका पोराच्या डोक्यात कालवलं तर काय होईल, ते आहे हे. आपण लहान मुलाला अडगुलं मडगुलं म्हणतो तेव्हा ते मडगुलं म्हणजे नक्की काय असं विचारत नाही. ते हसतं, बास. 'ओम दर-ब-दर'चं नुकसान कुणी केलं असेल तर माझ्यासारख्यांनीच, हा कठीण आहे, हा बुद्धिमानांसाठी आहे असं लिहून लिहून. मोठ्या पडद्यावर स्वच्छ प्रिंट बघितली तेव्हा थिएटरात दहाबारा माणसं होती आणि सगळी परीक्षेला बसल्यासारखी. मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होतो. उत्तरार्ध मला आजही लांबलेला वाटतो, काही ठिकाणी तर दिग्दर्शक स्वतःवरच खूश होऊन बसलाय असं वाटतं, तेही सांगून टाकतो.

याच कमल स्वरूपांचं नाव मराठीतपण आहे, हे फार जणांच्या लक्षात नसतं. १९७६चा 'घाशीराम कोतवाल' हा सिनेमा. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशा चौघांनी मिळून केलेला, युक्त नावाची सहकारी संस्था काढून, बँकेचं कर्ज घेऊन. सहकारी साखर कारखाना, सहकारी दूध संघ आणि सहकारी सिनेमा! ओम पुरींचं हे पडद्यावरचं पहिलं काम, आणि समोर नाना फडणवीस म्हणून मोहन आगाशे. नाटक ज्यांनी बघितलंय ते म्हणतात, नाटकाची मजा नाही. नसणारच, त्यांना नाटकाचं छायाचित्रण करायचं नव्हतं. हा सिनेमा जवळजवळ हरवला होता, मग बर्लिनच्या आर्सेनाल या सिनेमासंस्थेनं तो नीट केला आणि २०१४ मध्ये तिकडच्या महोत्सवात दाखवला. आपलं घाशीराम आपल्याला बर्लिनकडनं परत मिळालं. पुढं कमल स्वरूप दादासाहेब फाळक्यांच्या मागं लागले, फाळके सिनेमाला वैतागून काशीला जाऊन राहिले आणि तिथं 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, त्यावर स्वरूपांनी डॉक्युमेंटरी केली. असो, हा वेगळा लेख होईल.

क्लासिकचं दुखणं याच्या उलटं आहे. तिथं न बघताच आदर असतो. 'संत तुकाराम' म्हटलं की आपण हात जोडतो. १९३६, प्रभात, दामले-फत्तेलाल, व्हेनिसला गौरव, बास, झालं. लहानपणी आषाढीला टीव्हीवर लागायचा आणि घरातली मोठी माणसं चप्पल काढून बसायची. चप्पल काढून बसल्यावर सिनेमातल्या चपलेकडं कुणाचं लक्ष जाणार? पोर तापानं फणफणलंय आणि नवरा भजनात, म्हणून जिजाई वहाण हातात घेऊन विठोबावर चालून जाते, तो प्रसंग आठवा. गौरीबाईंनी जी जिजाई उभी केलीय ती बघताना मला वाटतं, हा सिनेमा अर्धा तिचा आहे. पागनीसांचा तुकाराम हवेत तरंगतो, आणि ही बाई चूल, म्हैस, पोरं यांना धरून जमिनीवर घट्ट उभी, त्या ओढाताणीत सिनेमा चालतो. ती कजाग आहे असं आपल्याला शिकवलं गेलं. मला तर ती घरातली एकटी शुद्धीवर असलेली व्यक्ती वाटते. आणि 'आधी बीज एकले'? तो अभंग तुकोबांचा नाहीच, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला, आणि तो इतका बेमालूम जमला की लोक अजून तुकोबांचा म्हणून गातात. म्हणजे इथंपण चिठ्ठी एक आणि बरणीत भलतंच, फक्त या वेळी फसण्यात काही तोटा नाही.

'कागज़ के फूल'चं सगळ्यांना माहीत आहे, १९५९ मध्ये पडला, नंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधी लावलं नाही, आणि आता तो अभ्यासक्रमात. अरुण खोपकरांचं गुरुदत्तांवरचं पुस्तक वाचून मी तो परत बघितला होता. खोपकर म्हणजे मणी कौलांच्या 'आषाढ का एक दिन'मधले कालिदास, बघा, फिरून फिरून माणसं तीच. मला तो सिनेमा आवडतो त्यातल्या उजेडासाठी, कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओत आणलेल्या त्या तिरक्या उजेडासाठी. कलावंताच्या आत्मदयेसाठी नाही. हे वाक्य मी तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलंय, आज राहू दे.

आणि 'तुंबाड'. २०१८ मध्ये आला तेव्हा मी पुरवणीत त्यावर दोन परिच्छेद लिहिले, 'दृश्यात्मकदृष्ट्या समृद्ध पण' असं. त्या 'पण'नंतर काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही, आणि शोधायची इच्छापण नाही. सहा वर्षांनी, २०२४च्या सप्टेंबरात तोच सिनेमा परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, पोरं तिकिटं काढून दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बघत होती. सिनेमात एक फ्रेमपण बदललेली नव्हती. तोच पाऊस, तीच भिजकी भिंत, तीच म्हातारी. नारायण धारपांच्या भयकथा वाचत मोठा झालेला मी, मला तरी कळायला हवं होतं.

तर आता परत त्या झोपेकडं येतो.

मी सांगलीला कॉलेजला होतो आणि गाव तासगावच्या पलीकडं, फाट्यापासनं आत दीड किलोमीटर. मेस परवडत नव्हती, म्हणून डबा एसटीनं यायचा. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं किंवा कंडक्टरकडं घरचे डबे देतात, फडक्यात बांधलेले, नावाची चिठ्ठी लावलेली, आणि पोरं स्टँडवर जाऊन आपापला उचलतात, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. आई पहाटे उठून भाकरी करायची आणि साडेसातच्या गाडीला फाट्यावर येऊन उभी राहायची. तीन वर्षं. एकदा फक्त डबा आला नाही. परीक्षा होती, मी स्टँडवर गाडी शोधत राहिलो, मग उपाशी पेपर दिला, आणि शनिवारी घरी गेल्यावर आईवर असा काही ओरडलो की विचारू नका. उशीर का झाला, हे विचारलंच नाही.

'उसकी रोटी'ची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. पंजाबातली एक बाई, बालो. नवरा सुच्चासिंग बस चालवतो. ती रोज रोटी बांधून रस्त्यावर येऊन उभी राहते, बस थांबते, तो रोटी घेतो, जातो. शहरात त्याची दुसरी बाई आहे, हे तिला माहीत आहे. एक दिवस तिला उशीर होतो, कारण घरी धाकट्या बहिणीला गावातल्या एकानं त्रास दिलाय. नवरा चिडून निघून जातो. ती तिथंच थांबते, परतीच्या गाडीपर्यंत. मोहन राकेशांची कथा, १९६९चा सिनेमा, कौल तेव्हा पंचविशीचे.

एवढं मी माझ्या त्या अठराशे शब्दांत लिहिलं होतं. के. के. महाजनांच्या कॅमेऱ्याबद्दल लिहिलं होतं, दोनच लेन्स, २८ मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर, एक प्रत्यक्षाला आणि एक मनातल्याला, आणि पुढं त्यांची अदलाबदल, त्यामुळं आपल्याला कळत नाही की बस खरंच आली का तिला आल्यासारखी वाटली. अमृता शेरगिलच्या चित्रांबद्दल लिहिलं होतं. आणि तीन वर्षं ज्याच्या जिवावर जगलो तो डबा मला त्या पूर्ण लेखात एकदाही आठवला नव्हता. मी ब्रेसाँ शोधत बसलो होतो. ब्रेसाँ आहेच, नाही कोण म्हणतंय, पण माझ्या घरापासनं दीड किलोमीटरवर जे उभं होतं ते सोडून मी फ्रान्सला गेलो होतो.

हे लक्षात आलं ते लॉकडाऊनमध्ये. गावी अडकलो होतो, काम नाही, लॅपटॉपवर हा सिनेमा लावला, पुन्हा झोप येते का बघावं म्हणून. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिला हिंदी जेमतेम, आणि या सिनेमात तर माणसं बोलतात तीपण भिंतीकडं बघून पाढे म्हटल्यासारखी. मला वाटलं, पाच मिनिटांत उठेल. ती उठली नाही. शेंगा फोडणं तेवढं बंद झालं.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "ही बाई कवापासनं उभीच हाय की रं. हिला कोण बस म्हणंना?"

मी म्हणलं, नवऱ्याची गाडी यायची आहे, डबा द्यायचाय.

"ते कळतंय मला," म्हणाली. "भाकरी वाळून कडक झाली आसंल एवढ्यात."

वीस वर्षांत या सिनेमावर जे वाचलं त्यात भाकरीबद्दल कुणी लिहिलेलं नव्हतं. मी तर नव्हतंच. लेन्स, पॉज, अंतर, सगळं होतं. मग न राहवून मी म्हणलं, आई, माझा एकदा डबा चुकला होता बघ, परीक्षेच्या वेळी, तुला गाडी सापडली नव्हती.

"एकदा न्हवं, दोनदा," ती म्हणाली. दुसरा चुकलेला डबा मला आजही आठवत नाही, कुणाच्या तरी डब्यात जेवलो असणार. "एकदा म्हस सुटली हुती. हुडकून आणीस्तवर गाडी गेली."

"आणि दुसऱ्यांदा?"

पडद्यावर बालो तशीच उभी होती, झाडाखाली, रस्त्याकडं बघत. आईनं मांडीवरची टरफलं झटकली.

"गप आता," म्हणाली, "बघू दे जरा."